रुळांलगतचा चहा

मुंबईला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र पाहिला का?" मी जाऊन, राहून, परत आलो आणि समुद्राचं टिपूसही पाहिलं नाही. मी पाहिलं ते दहिसर आणि बोरिवली. हे ऐकून आमचे सरपंच हळहळले. त्यांना वाटलं, नातेवाइकांनी मला फिरवलंच नाही. त्यांच्यासाठी आणि मुंबई म्हणजे फक्त गेटवे आणि चौपाटी समजणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहायला बसलोय.

आधी माझी ओळख. मी निवृत्त सुभेदार. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावांत घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, त्यांतलं एक माझं. गावाच्या वेशीवर दगडी स्तंभ आहे, त्यावर गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. स्मृतिदिनाला आम्ही माजी सैनिक इस्त्रीचे कपडे घालून, छातीवर पदकं लावून तिथं उभे राहतो. बिगुल वाजतो, पुष्पचक्र वाहिलं जातं, शाळेची पोरं ओळीत उभी असतात आणि डास चावला तरी कुणी हलत नाही. देशासाठी गेलेल्यांची आठवण कशी करावी हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, असं माझं ठाम मत होतं. ते अजूनही ठाम आहे, फक्त जरा रुंद झालंय.

जायचं कारण माझी मावसबहीण, सुलूआक्का. लग्न करून ती मुंबईला गेली तेव्हा मी चड्डीत होतो. तिचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद झाली, पुढं तेही गेले. एकच मुलगा होता, मिलिंद. शिकला, चांगल्या कंपनीत लागला आणि २००६ च्या जुलैमध्ये पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये संध्याकाळी एकामागून एक स्फोट झाले त्यात गेला. मी तेव्हा सीमेवर होतो. बातमी मला फोनवर कळली आणि नंतर आक्कानं त्याविषयी कधी सविस्तर सांगितलं नाही, मीही कधी खोदून विचारलं नाही. एवढंच ठाऊक होतं की दर वर्षी त्या दिवशी ती आणि तिच्या चाळीतली माणसं रुळांशेजारच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देतात.

यंदा तिचाच फोन आला. म्हणाली, "बाळू, या जुलैला ये. चाळ पाडली, माणसं पांगली. यंदा चहा होतोय की नाही कुणास ठाऊक. आणि एकदा मोडला की मोडलाच."

आक्का मदत मागत नाही. ती मागतेय म्हटल्यावर मी बॅग भरली. बॅगेत पदकं घेतली, व्यवस्थित घडी घातलेला तिरंगा घेतला आणि एक भाषणही लिहून घेतलं. म्हटलं, या लोकांना हौस आहे पण पद्धत नाही, ती आपण घालून देऊ.

दहिसर

साताऱ्याहून बोरिवलीला थेट एसटी आहे. ती सकाळी कुठल्या तरी उड्डाणपुलाखाली सोडते आणि पुढचं आपलं आपण बघायचं असतं. आक्का सध्या दहिसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बोरिवलीतली जुनी चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहतोय, तो होईपर्यंत सगळ्या भाडेकरूंची अशीच पांगापांग. कुणी विरार, कुणी मीरा रोड, कुणी गावी.

इमारतीच्या फाटकावर पहिली चकमक झाली. पहारेकऱ्यानं मला अडवून माझा फोटो काढला, मोबाइलवर आक्काला पाठवला आणि तिनं होकार दिल्यावरच आत सोडलं. आमच्याकडं पाहुणा वेशीतून आत आला की घरी पोचेपर्यंत चार ठिकाणी चहा होतो. इथं बहिणीच्या दारात जायला परवानगी लागते. मी त्याला म्हटलं, "बाबा, मी आयुष्यभर चेकपोस्टवर लोकांना हेच विचारलंय." त्याला काही ते कळलं नाही, पण त्यानं सलाम मात्र ठोकला.

आक्का उंच मजल्यावर राहते. खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात, हिरवेगार, ढग पांघरलेले. मला आमच्या अजिंक्यताऱ्याची आठवण झाली आणि मी तसं म्हटलंही. आक्का म्हणाली, "तुमच्या डोंगरावर बिबट्या आहे का? आमच्याकडे सोसायटीत येतो." मुंबईच्या माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो.

तिनं चहा दिला तो अर्ध्या पेल्यात. याला इथं कटिंग म्हणतात. आमच्याकडं अर्धा कप चहा दिला तर पाहुणा दुखावतो, बशीत सांडेपर्यंत ओतावा लागतो. मी तसं बोलून दाखवलं. आक्का म्हणाली, "अरे, दुसऱ्यालाही पुरायला हवा ना. अर्धा-अर्धा घ्यायचा, दोनदा घ्यायचा." आणि लगेच तिनं दुसरा अर्धा ओतला, त्यामुळे वाद तिथंच मिटला.

मग दिवसभर ती फोनवर होती. जुन्या चाळकऱ्यांची तीच नावं पुन्हा पुन्हा माझ्या कानावर पडत होती. विरारला गेलेल्या परबवहिनी, मीरा रोडचे इस्माईलभाई, गोठा बंद करून नालासोपाऱ्याला गेलेले दुबेजी आणि जयंतीभाई, ज्यांचा फोन लागतच नव्हता. परबवहिनी म्हणाल्या, गुडघा दुखतोय, बघते. दुबेजी म्हणाले, कोशिश करतो. इस्माईलभाईंच्या सुनेनं फोन घेतला आणि अब्बा बाहेर गेलेत म्हणाली. फोन ठेवला की आक्का नुसतीच पदराला हात पुसायची. तिचे हात कोरडेच होते.

माझ्या फौजी डोक्यानं परिस्थितीचा आढावा घेतला. कुमक येणार नाही, ऑपरेशन मात्र परवा आहे. म्हणजे रसद आपणच उभी करायची.

बोरिवलीचा बाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्का आंघोळीला गेलेली पाहून मी निघालो. दहिसरहून मेट्रोनं बोरिवली हा झकास प्रवास आहे. वातानुकूलित डबा, खाली ट्रॅफिकची वाट लागलेली, आणि आपण वरून जिल्हाधिकाऱ्यासारखे पाहत जातो.

बोरिवलीचा बाजार मी मनापासून हिंडलो. एकाच गल्लीत शेवग्याच्या शेंगा, सुके बोंबील, खाकरा आणि केळीची पानं. एका फरसाणवाल्याकडं उभ्या उभ्या गरम फाफडा आणि पपईचा संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, खाल्ला. त्यानं मला गुजरातीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, शेजारच्या बाईनं हिंदीत मध्यस्थी केली आणि तिघांनाही वाटलं की आपण दुसऱ्याची भाषा बोललो. मिरच्या मात्र त्यांनी नुसत्या दाखवायला तळलेल्या असतात. आमच्याकडची एक मिरची खाल्ली तर तो माणूस दुकान बंद करून घरी जाईल.

मग मी खरेदी केली. दूध, साखर, चहा पावडर, आलं, वेलची, कागदी कप आणि कमी पडायला नको म्हणून सगळंच थोडं जास्त. तीन महिने एखादी चौकी चालावी असा माल घेऊन, रिक्षा करून मी विजयी मुद्रेनं परत आलो. पहारेकऱ्यानं या वेळी फोटो काढला नाही, उलट पिशव्या लिफ्टपर्यंत आणून दिल्या.

आक्कानं दार उघडलं. पिशव्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"हे काय आणलंस?"

"उद्याची चिंता संपली. कुणी येवो न येवो, आपला चहा होणार."

तिला बरं वाटेल, डोळ्यांत पाणी येईल, असं काहीबाही माझ्या मनात होतं. ती पिशवीतलं साखरेचं पाकीट काढून हातात घेऊन बसली.

"चहा करायला मला येत नाही का रे बाळू? दुकानं मला ठाऊक नाहीत? पैसे नाहीत माझ्याकडे?"

"तसं कुठं म्हणतोय मी, आक्का?"

"मग? हा तुझा चहा झाला. चांगला होईल, पण तुझा होईल. तो आमचा नाही."

मला राग आला. साठी उलटलेला माणूस बाजारातून ओझी वाहून आणतो आणि त्याला हे ऐकायला लागतं. मी म्हटलं, "मग सांग तरी तुमचा चहा म्हणजे काय असतो. इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

तेव्हा ती बोलली. खिडकीत डोंगराकडं तोंड करून बसली होती आणि आवाज अगदी रोजचा होता.

"त्या दिवशी धमाका झाला तसे आम्ही सगळे धावलो. गाडी चाळीच्या मागेच थांबली होती. ज्याच्या घरात जी चादर होती ती गेली, कुणाची गोधडी गेली. माणसं चादरीत घालून रस्त्यावर आणायची, मिळेल त्या टेम्पोत, रिक्षात घालायची. ते झालं, तर मग रुळांवरून माणसं चालत येऊ लागली. गाड्या बंद. हजारो माणसं. भिजलेली, थरथरणारी, कानांनी ऐकू न येणारी. इस्माईलभाई म्हणाले, यांना काहीतरी गरम द्या. माझ्याकडे मोठा टोप होता, गणपतीच्या प्रसादाचा. पाणी मी भरलं. परबीण स्टोव्ह आणि आलं घेऊन आली. दुबेच्या गोठ्यातलं दूध आलं. जयंतीभाईनं दुकानातून साखरेचं पोतंच ओढत आणलं. पावडर आणि ग्लास इस्माईलभाईंच्या हॉटेलातले. कुणी कुणाला विचारलं नाही. पार रात्र होईस्तोवर मी चहा ओतत होते."

"आणि मिलिंद?"

"मला वाटत होतं तो ऑफिसात अडकलाय. फोन लागत नव्हते, पण कुणाचेच लागत नव्हते. तो त्याच गाडीत होता, बाळू. आमच्या बाजूनं नाही, रुळांच्या पलीकडच्या बाजूनं त्याला उतरवलं. हॉस्पिटलात मला दाखवला तेव्हा निळ्या फुलांच्या चादरीत होता. ती चादर आमच्यापैकी कुणाची नव्हती."

मी तिच्या हातातलं साखरेचं पाकीट काढून पिशवीत ठेवलं.

"पुढं मी पलीकडच्या वस्तीत जाऊन विचारलं, माझ्या पोराला कुणी नेलं? मला पाया पडायचं होतं. ते म्हणाले, मावशी, खूप जणांना नेलं, तोंडं कुणी पाहिली? मग मी काय करणार? नेणारा अजून इथंच असेल. रोज त्या रस्त्यानं जात असेल. म्हणून जो जाईल त्याला चहा. कोण, कुठला, विचारायचं नाही. आणि वस्तू ज्याच्या त्याच्या घरूनच यायच्या, तशाच, त्या दिवशीसारख्या. एकट्यानं केला असता तर त्या दिवशी चहा झालाच नसता."

"आणि एखादी वस्तू नाही आली तर?"

"तर तिच्याशिवाय करायचा. एकदा आलं नव्हतं, परबिणीच्या घरी सुतक होतं. बिनआल्याचा केला. पण दुकानातून नाही आणलं."

मी निमूटपणे पिशव्या उचलल्या आणि पलंगाखाली सरकवल्या. लिहून आणलेलं भाषण त्यांच्यातच घातलं. आमच्या स्तंभावरची नावं कोणी कोरली हे मला माहीत आहे. पण जखमींना उचलून नेणाऱ्यांचा स्तंभ कुठंच नसतो, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं आणि फौजेत इतकी वर्षं काढून मला ते दुसऱ्यानं सांगावं लागलं याचं जरा नवल वाटलं.

पत्र्यांच्या कडेला

स्मृतिदिनाच्या दुपारी टोप न्यायचा होता. तो टोप म्हणजे लहान पोर आत बसून आंघोळ करेल एवढा. रिक्षाच्या मागच्या सीटवर एका बाजूला टोप, एका बाजूला आक्का, आणि माझ्यासाठी जागाच नाही. शेवटी रिक्षावाल्यानं तोडगा काढला. मी बसायचं, टोप मांडीवर घ्यायचा. दहिसर ते बोरिवली मला टोपाच्या बुडाखेरीज काही दिसलं नाही. खड्डा आला की तो घंटेसारखा वाजायचा आणि सिग्नलला शेजारचे लोक वाकून पाहायचे. छातीवर पदकं, मांडीवर टोप, अशा थाटात मी मोहिमेवर निघालो होतो.

चाळीच्या जागी आता निळे पत्रे आहेत. पत्र्यांमागं क्रेन आणि अर्धवट खांब. एका बाजूला रुळांची भिंत, दुसऱ्या बाजूला आधीच बांधून झालेला एक टॉवर, मधून अरुंद रस्ता. पाऊस रिपरिपत होता. टॉवरच्या पहारेकऱ्याशी आक्काचं बोलणं झालेलं होतं, त्यानं त्याच्या चौकीची ताडपत्री पुढं ओढून दिली. आम्ही टोप ठेवला. आक्कानं नळावरून बादल्या मागवल्या, त्या मी भरल्या. पाणी भरून झालं आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

रस्त्यावरून लोक छत्र्या घेऊन जात होते. आक्का टोपाशेजारी स्टुलावर बसली होती. तिनं चष्मा पुसला, घातला, रस्त्याच्या टोकाकडं पाहिलं, पुन्हा पुसला. मी फौजेत वाट पाहायला शिकलोय, पण असं वाट पाहणं मला जड जात होतं. पलंगाखालच्या पिशव्या मला सारख्या आठवत होत्या.

पहिल्या आल्या परबवहिनी. रिक्षातून आधी स्टोव्ह उतरला, मग काठी, मग त्या. चाळीत आक्काच्या शेजारच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली.

"आक्का, तां आलां वायच कमी हा गो," उतरता उतरताच त्या म्हणाल्या. "विरारच्या बाजारात बरां गावला नाय. माका वाटला, येवक जमाचाच नाय. गुडघो म्हणता तूच जा, मी रवतंय घरी."

आक्का हसली. आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. वहिनींनी माझ्या पदकांकडं पाहिलं. "हे कोण? आमदार?"

"माझा भाऊ. फौजी आहे."

"मग बरा. ह्यांका स्टोव्ह पेटवक सांग."

स्टोव्ह पेटतोय तोच दुबेजी आले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात ॲल्युमिनियमची किटली. त्यांच्या म्हशी कधीच गेल्या होत्या, पण नालासोपाऱ्यात भाच्याचा गोठा होता. "पिशवी का दूध नहीं लाया, भाभी," ते म्हणाले. "भाच्याला पहाटे उठवून काढायला लावलं. तो बोलला, मामा, एक दिन का पिशवी लो ना. मी बोललो, बेटा, तू नाही समजणार, तू काढ."

इस्माईलभाई सर्वांत शेवटी आले. मूळचे रत्नागिरीकडचे, सत्तरीचे, हातात कापडी पिशवी. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे ग्लास, त्यांच्या बंद झालेल्या हॉटेलातले, आणि चहा पावडर. आल्या आल्या त्यांनी रुळांच्या भिंतीकडं तोंड करून क्षणभर हात उचलले, मग ग्लास मांडायला घेतले.

"सून बोलत होती, अब्बा, पाऊस आहे, नका जाऊ," ते म्हणाले. "मी तिला बोललो, त्या दिवशी काय ऊन होतं?"

आता फक्त साखर बाकी होती. जयंतीभाईंचा फोन लागेना. मग इस्माईलभाईंनीच सांगितलं, त्यांना कालच कळलं होतं. जयंतीभाई पडले, अंथरुणाला खिळले, मुलानं त्यांना बडोद्याला नेलं.

आक्कानं इस्माईलभाईंची चहा पावडर उचलली. मग म्हणाली, "चला, बिनसाखरेचा टाकू."

मी तोंड उघडणार होतो, पण तिनं नुसती मान हलवली. चहा उकळला, आल्याचा वास रस्ताभर गेला आणि लोक थांबू लागले. माझं काम ग्लास विसळायचं. सुभेदार साहेब पदकं लावून बादलीत ग्लास बुचकळत होते. एका पोलिसानं चहा घेता घेता माझ्याकडं पाहून सावधान होत सलाम ठोकला, मी ओल्या हातानं तो घेतला.

चहा फिका होता. लोकांच्या तोंडावर ते दिसत होतं.

"काकी, साखर विसरलात?"

"विसरले नाही रे. आली नाही यंदा."

"आमचा एक माणूस आजारी आहे," इस्माईलभाई सांगायचे. "साखर त्याच्या घरची असते."

काही जण नुसते हो म्हणून प्यायले. काहींना आठवण होती, ते ग्लास घेऊन भिंतीकडं पाहत उभे राहिले. एक मध्यमवयीन गृहस्थ म्हणाले, "मी पुढच्या डब्यात होतो. तेव्हा इथंच प्यायलो होतो," आणि दुसरा ग्लास पिऊन निघून गेले. ते गेल्यावर मी मुंबईच्या स्पिरिटबद्दल काहीतरी बोललो. परबवहिनी मला म्हणाल्या, "स्पिरिट बिरिट काय नाय ओ. दुसऱ्या दिवशी कामाक गेलाव नसतो तर खाडो लागलो असतो. हेच्यात काय ता स्पिरिट? पण ह्या चहाक मात्र येव्‌क व्हया."

टोप अर्ध्यावर आला तेव्हा टॉवरच्या फाटकातून आत जाणारी एक बाई थांबली. तिशीची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात मिटलेली छत्री. चहा घेतला, एक घोट प्यायली आणि थबकली. हिंदीत विचारलं, हे कशासाठी? उच्चारावरून कुठल्या तरी पूर्वेकडच्या राज्यातली वाटली. दुबेजींनी सांगितलं, थोडक्यात. साखरेचंही सांगितलं.

ती वर टॉवरकडं बोट दाखवून म्हणाली, "मी इथंच राहते. नवीन आले आहे. त्या संध्याकाळी मी शाळेत होते, खूप लांब, आमच्या गावी. टीव्हीवर पाहिलं होतं. घरी आई रडत होती, मला कळेना, आपलं मुंबईत कुणीच नाही, मग ही का रडते." मग म्हणाली, "साखर मी आणू का?"

परबवहिनींनी आक्काकडं पाहिलं. मलाही कळत होतं की ही साधी साखर नाही. जयंतीभाईंची जागा कुणाला द्यायची, आणि द्यायची की तशीच रिकामी ठेवायची, असा तो सवाल होता. रिकामी ठेवली तर पुढच्या वर्षी आणखी एखादी रिकामी होणार, आणि मग एक दिवस नुसता टोप उरणार.

इस्माईलभाईंनी खिशातून फोन काढला. बडोद्याचा, जयंतीभाईंच्या मुलाचा नंबर त्यांनी मिळवला होता. फोन मुलानं घेतला, मग जयंतीभाईंच्या कानाशी धरला. इस्माईलभाईंनी आवाज मोठा करून फोन आक्काच्या हातात दिला.

"जयंतीभाई, चहा लावलाय आम्ही," आक्का म्हणाली. "साखरेला इथली एक मुलगी विचारतेय. घेऊ का?"

पलीकडून खोल गेलेला आवाज आला. "बेन, फिका पाजलास लोकांना?"

"पाजला."

"अरे, घे ना. त्या दिवशी पोतं मी आणलं, पण ऊस थोडाच मी लावला होता? घे. आणि तिला सांग, हात आखडू नको."

बाई छत्री तिथंच टाकून पळत गेली. लिफ्ट वर जाऊन खाली येईपर्यंत परबवहिनींनी चहा नव्यानं ढवळला. ती आली ती स्टीलचा डबाच घेऊन, स्वयंपाकघरातला, झाकणासकट. तो पुढं करून ती अवघडून उभी राहिली आणि म्हणाली, "मेरा नाम..."

"नाव नंतर सांग," आक्का म्हणाली. "आधी साखर टाक, थंड होतोय."

तिनं डबा उपडा केला. गोड चहा निघाला तशी रस्त्यावर पुन्हा गर्दी झाली, आणि मघाशी फिका पिऊन गेलेले दोन-तीन जण परत आले. टोप रिकामा झाल्यावर इस्माईलभाईंनी ग्लास उपडे घातले. मी बॅगेतला तिरंगा काढला. आक्का म्हणाली, "धर, धर. दर वर्षी म्हणतोच आम्ही." मी आणि दुबेजींनी तो दोन्ही बाजूंनी धरला आणि आक्कानं भलत्याच वरच्या पट्टीत राष्ट्रगीत सुरू केलं. मालवणी, भोजपुरी, रत्नागिरी, सातारी आणि त्या बाईचा तो पूर्वेकडचा उच्चार, सगळे आपापल्या चालीत गात होते. ताल कुणाचा कुणाला जुळत नव्हता. छत्र्या मिटून लोक भिजत उभे राहिले. टॉवरचा पहारेकरी सावधानमध्ये होता. मी परेडवर हे गीत किती वेळा ऐकलं असेल, बँडसह, सुरात. पण त्या रस्त्यावर मी सुराची पर्वा न करता मोठ्यानं गायलो. हा देश माझा आहे हे मला कायम ठाऊक होतं, त्या लोकांच्यात उभा राहून मला पहिल्यांदा वाटलं की मीही या देशाचा आहे.

गीत संपलं. मागून एक गाडी धडधडत गेली, आणि तिच्याच आवाजात त्या बाईनं आक्काला काहीतरी सांगितलं. बहुधा तिचं नाव असावं. मला ऐकू आलं नाही, आक्कालाही आलं नसावं, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. रिकामा डबा पदरानं पुसून तिनं त्या बाईच्या हातात ठेवला.

"पुढच्या वर्षी जरा लवकर ये गं," आक्का म्हणाली. "साखर आधी लागते."